काहीतरी कमी आहे

मलेशियातल्या पिनांगमध्ये चिनी नववर्ष आठ दिवसांवर आलं होतं. विधवा ब्वे किम घरी बदामाची बिस्किटं भाजत होती आणि शेजारचे विधुर ओंग सलग पाचव्या दिवशी चव बघायला हजर होते. नववं बिस्किट संपवून ते म्हणाले, "काहीतरी कमी आहे."

"डुकराची चरबी, साखर, बदाम, सगळं वाढवून झालं! आता काय कमी आहे ते सांगाच!"

ओंग कानापर्यंत लाल झाले. "कमी काहीच नाही गं. पण छान झालीत म्हटलं, तर उद्या बोलावशील का?"

ती पिठाच्या हातांनी तोंड झाकून खुदखुदत राहिली. "मग रोजची ये-जा तरी कशाला? राहायलाच या."

ओंग ताडकन उठून निघून गेले. "रागावलात का?" म्हणत ती दारापर्यंत धावली.

पाचच मिनिटांत ते धापा टाकत परत आले. बगलेत उशी होती आणि हातात कवळी ठेवायची वाटी.