कोबीच्या पानासारखा रुमाल

"अगं, उसवू नकोस!" मी ओरडलो, तशी हिच्या हातातली क्रोशाची सुई पडली.

"अहो, प्रत्येक फेरीत टाके जास्त पडलेत. रुमाल बघा, कोबीचं पान झालंय नुसतं!"

संध्याकाळी वाचनालयात वक्र पृष्ठभागांच्या भूमितीवर माझं भाषण होतं आणि भीतीपोटी मी ते टाळणार होतो. जो पृष्ठभाग मला आयुष्यभर फळ्यावर दाखवता आला नाही, तो हिने चुकून विणला होता.

सभेत रुमाल हातोहात फिरला. "यावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशेऐंशी अंशांहून कमी भरते," मी चाचरत म्हणालो.

मागून एक बाई म्हणाल्या, "सर, असे माझ्याकडे चार आहेत. मला वाटायचं, मला विणताच येत नाही!"

हशा पिकला. आभारप्रदर्शनाची वेळ उलटून गेली, तरी मी बोलतच होतो.