रेंजबाहेरचं हृदय

यामिनीने अण्णांच्या कृत्रिम हृदयाला सर्व्हरकडून मिळणारं उत्तर मुद्दाम अडवलं. प्रत्येक ठोक्याआधी ते हृदय मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला वेग विचारी. उत्तराला उशीर झाला, तर वाट पाहणं सोडून त्याने आपलं आपण चालायला हवं होतं. प्रयोगशाळेत ते चाललं होतं. माणसाच्या छातीत मात्र ही पहिलीच चाचणी होती आणि अण्णांनी ती हट्टाने स्वतःवर घेतली होती.

पडद्यावरची ठोक्यांची रेषा सपाट झाली. यामिनीचा हात अडवलेलं उत्तर सोडायच्या बटणाकडे गेला.

"थांब, पोरी," अण्णा पुटपुटले.

रेषेने उसळी घेतली. मग पुन्हा. सर्व्हर अजून गप्पच होता.

"अण्णा, चाललं!" यामिनीला हुंदका आवरेना.

"मग आता मला मेळघाटात जाऊ दे, तिथं रेंज नसली तरी. टॉवरजवळ बसून कंटाळलोय."

रडता रडता हसत ती त्यांच्या छातीवरच्या तारा सोडवू लागली.