शेवटची चार तिकिटं

लेकाच्या रॉक बँडच्या कार्यक्रमाची शेवटची चार तिकिटं उरली होती आणि फॅन क्लबची रांग पार जिन्याखाली गेली होती. सभासदाचं कार्ड दाखवायचं, माणशी एकच तिकीट घ्यायचं, असा नियम. आणि खिडकीवर खुद्द लेकाची आई. तेवढ्यात आधी अत्तराचा भपकारा आला आणि मागून रांग मोडत विहीणबाई.

"चारही आम्हालाच द्या. जावई गातोय आमचा!"

"कार्ड?"

"अगंबाई, नात्यात कसलं कार्ड?"

"मग नात्यातलं मागा, विहीणबाई. घरी या, पलंगावर बसा, माझ्या डोक्यावर बसा. तिकीट मात्र रांगेत पुढे उभ्या या पोरीचं. सकाळपासून ताटकळतेय ती." आईने पोरीचं कार्ड नीट पाहून तिकीट तिच्या हातावर ठेवलं.

विहीणबाईंचा पारा चढला. "कळलं हो! लेकाच्या गाण्याचा भारीच गर्व झालाय तुम्हाला."

"गर्व?" आई फिसकन हसली. "तो गळा काढायला लागला की मी कानात बोळे घालते. अख्ख्या खानदानात तिकीट नको असलेली मी एकटीच, म्हणून तर त्याने मला इथे बसवलंय."