तेविसावं ठिगळ

"हेही उडवलं," साहेबांच्या हाताखालची तरुण प्रोग्रामर म्हणाली, आणि पडद्यावर पुन्हा हिरवी खूण आली.

लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना खोडी फार. त्या चुकवायला बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या सूचनांच्या फाइलीत वर्षानुवर्षं ठिगळं लावलेली. आता नवा कंपायलर आला होता आणि ती सकाळपासून एकेक ठिगळ उसवत होती. बावीस झाली. साहेब शेजारी खुर्ची ओढून मजेत बसले होते.

तेविसाव्यावर शेरा होता: 'कंपायलरचा दोष. या फाइलपुरती वेग वाढवायची सोय बंद. हात लावू नये.' खाली साहेबांचं नाव.

"ते राहू दे," साहेब म्हणाले.

"कशाला, सर? कंपायलरची ती आवृत्ती जाऊन सात वर्षं झाली."

तिने ओळ काढली. प्रोग्राम चालू झाला आणि कोसळला. ती मूळ कोड वाचत खाली गेली आणि हसली.

"कंपायलर बिचारा निर्दोष आहे, सर. यादी शंभर जणांची आणि आपण एकशे एकावा शोधतोय."

साहेबांना हे अकरा वर्षांपूर्वी, ठिगळ लावल्याच्या तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण तोवर भर मीटिंगमध्ये त्यांनी कंपायलरवर खापर फोडलं होतं, वर शाबासकीही घेतली होती. "आधी आपला कोड बघू या," म्हणणाऱ्या सहकारी बाईंना त्यांनी चारचौघांत गप्प केलं होतं. दोन महिन्यांत बाईंनी नोकरी सोडली.

"बदलाच्या नोंदीत कारण काय लिहू?" तिने विचारलं. "जुनी चूक, नव्या कंपायलरमुळे सापडली, असं लिहू?"

किती सोपं होतं. साहेब हो म्हणणारच होते.

"थांबा, सर. ही दुरुस्ती कोणीतरी आधीच पाठवली होती." तिने जुनी नोंद उघडली. बाईंचं नाव, एका ओळीची दुरुस्ती, आणि खाली साहेबांचं उत्तर: 'नाकारली. आधी काम शिकून घ्या.'

तिने ते मोठ्याने वाचलं नाही. नुसता कीबोर्डवरचा हात काढून घेतला. साहेबांना तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "तेव्हाच कळली होती मला. तसंच लिही. आणि दुरुस्ती त्यांचीच घे."

स्वीकारायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. दुरुस्ती स्वीकारली की पाठवणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर आपोआप निरोप जातो. साहेब बॅग आवरत होते, तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं.

'आभारी आहे, सर. मी हल्ली कॉलेजात शिकवते. ही चूक दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते. कोणाची, ते कधी सांगितलं नाही.'