तीन घाव

थंडगार मलम छातीला लागताच अंबादास लोहारानं अंग चोरलं. "डाक्टरीणबाई, विस्तवाशेजारी बसणारा मानूस हाय म्या. जरा दमानं."

डॉक्टर वनमालाबाई हसल्या. त्यांनी त्याला डाव्या कुशीवर वळवलं, बरगड्यांच्या फटीत यंत्राची दांडी टेकवली आणि यंत्राच्या काचेवर करडा उजेड हलू लागला. काळीज तपासायचं हे यंत्र सोलापूरहून जीपमधून आलेलं. नळदुर्गात सोसायटीच्या गोदामात ते मांडलं होतं. भिंतींना खताचा वास होता, बाहेर जनरेटर धडधडत होता.

कडूबाई दाराशीच थबकली होती. पाय आत पडत नव्हता.

"मावशी, पुढं या की. नवऱ्याचं काळीज दिसतंय."

"म्या न्हाय बघायची. माझ्याच हातानं झालंय ते."

लोहारांच्या फिरत्या संसारात घण बाईच्या हाती असतो. नवरा तापलेलं लोखंड सांडसात धरून ऐरणीपुढं बसतो, बाई उभ्यानं घाव घालते. घाव लोखंडावर पडतो, पण त्याचा हादरा सांडसातून त्याच्या मनगटात उतरतो, मनगटातून खांद्यात. तीन महिन्यांमागं असाच एक घाव बसला आणि अंबादास सांडस सोडून आडवा झाला. हार्ट अटॅक, असं दवाखान्यात सांगितलं. त्या दिवशी कडूबाईनं घण गोणपाटात गुंडाळला नि गाड्याखाली सारला. दुष्काळी कामावरची माणसं बोथट कुदळी, बोथट पहारी घेऊन येत. ती हात जोडी नि त्यांना माघारी लावी.

"माझा घण ह्यांच्या काळजावर बसला, बाई."

"घणानं नाही हो होत असलं. काळजाला रक्त नेणारी नळी तुंबली. बाबा, तंबाखू किती खाता?"

"पुडीभर," कडूबाईनं दारातून सांगितलं.

"दिवसाला?"

"न्याहारीपतूर."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्या हसण्यानंच की काय, कडूबाईचा पाय उंबरा ओलांडून आत आला. ती काचेपुढं वाकली. काळ्या पोकळीभोवतीची पांढुरकी भिंत आत येत होती, बाहेर जात होती. आत येत होती, बाहेर जात होती.

"अगं बया! ह्यो तर भाता हाय," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून तिनं आणखी न्याहाळलं. "पर हितं खाली चामडं ताठलंय. हलंना ते."

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिल्या. "बरोबर तेवढंच दुखावलंय. तेवढा स्नायू नीट आवळत नाही. बाकीचा बघा, कसा जोमानं चाललाय."

"वारं पुरतंय का?"

"पुरतंय. मला धास्ती होती त्याहून पुष्कळ बरं आहे. ओझं उचलायचं नाही, भाता ओढायचा नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, तंबाखू आजपासून बंद. बसून काम चालेल."

"बसून म्हंजी ऐरणीपुढं?" अंबादासानं कुशीवरूनच विचारलं.

"न्हाय," कडूबाई म्हणाली. "तुमी म्हणताय ते खरं आसंल, बाई. पर घण उचलला की माझ्या डोळ्यांपुढं ह्ये आडवंच दिसत्यात."

वनमालाबाईंनी खिडकीबाहेरच्या गाड्याकडं पाहिलं. "मग आत्ताच घाला घाव. मी इथं काचेवर बघते, काळीज दचकतंय का."

गाडा गोदामाच्या सावलीलाच सोडला होता. ऐरण खिडकीपासून चार पावलांवर. कडूबाईनं गोणपाट सोडलं. घणाचा दांडा तळव्यात बसला तसा तिच्या खांद्याला जुना बाक आला. रिकाम्या ऐरणीवर घाव घालायचा नसतो, म्हणून तिनं एक मोडका फाळ वर ठेवला.

पहिला घाव घाबरत पडला.

"मावशी," खिडकीतून आवाज आला, "भाकरी थापताय का?"

दुसरा पडला तो तीन महिन्यांचा साठलेला. लिंबावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या, जनरेटरचा आवाज त्याखाली बुडाला. त्याच झोकात तिसरा उतरला आणि फाळ ऐरणीवरून उडून पार गाड्याच्या चाकाशी जाऊन पडला.

कडूबाईनं घण टाकला नि धावत खिडकी गाठली. दोन्ही मुठींत गज धरून ती आत बघू लागली. काचेवर नुसती खरखर होती.

"थांबा, थांबा," डॉक्टर दांडी परत जागेवर टेकवत म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "मीच दचकले. हातातली दांडी निसटली."

करडा उजेड पुन्हा जमला. भाता चाललेला होता, मघाच्याच चालीनं. आत येत होता, बाहेर जात होता.

अंबादासाचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर मात्र नाराजी होती, कसबी माणसाला कुणाचं कच्चं काम दिसल्यावर येते तशी.

"तिसरा तिरका पडला," तो म्हणाला. "सांगा तिला, बाई. लोखंड धरायला म्होरं मानूस लागतंय."