सासूबाईंचा चहा

केतकी आणि तिची थोरली जाऊ वसुधा, दोघींचंही रक्त कमी होतं. कोथरूडच्या डॉक्टरांनी दोघींना लोहाच्या सारख्याच गोळ्या दिल्या. दुपारी जेवून गोळी घेतली, की सासूबाई फक्त वसुधाला हाक मारायच्या, "ये गं, चहा घेऊ." बाहेर त्यांच्या गप्पा रंगायच्या आणि केतकी ओटा पुसत जळायची.

पुढच्या तपासणीत केतकीचं रक्त वाढलं, वसुधाचं नाही. डॉक्टर दोघींसमोरच वैतागले. "गोळीवर लगेच चहा? मग आतडं लोह शोषणार कसं?"

दुसऱ्या दिवशी वसुधानं चहा नाकारला. सासूबाई ओतलेला कप घेऊन पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आल्या. "केतकी, तू घेतेस का गं?"

केतकीनं नुकतीच गोळी गिळली होती.

"घेते की, आई," ती म्हणाली. "बाहेरच बसू या."