कात्री लावलेला फोटो

स्वतःचं नावही विसरलेली म्हातारी सकाळी कुठेतरी निघून गेली. “फोटो आणा, आजोबा,” हवालदार म्हणाला. “शोधायचं कुणाला?” म्हातारा चौकीतून धावत घरी आला. चार कपाटं भरून फोटो, तिकिटं, पत्रकं होती. सगळी मूकपटातल्या एकाच विनोदवीराची. लेकीनं अल्बम पालथे घातले. “बाबा, त्याच्या पोस्टरशेजारी आईला उभं केलं होतंत ना?” तिचा तो एकमेव फोटो सापडला. अल्बमच्या मापात बसावा म्हणून म्हाताऱ्यानंच त्याला कात्री लावली होती. विनोदवीर अख्खा होता. त्याच्या खांद्यावर बायकोचा फक्त हात उरला होता. “त्याच्या टोपीला मात्र धक्का लागू दिला नाहीत!” लेक कडाडली. तोच फोटो घेऊन म्हातारा चौकीत परतला. हवालदारानं कपाळावर हात मारला. “बरं, तोंडी सांगा. चेहरा कसाय? लिहून घेतो.” म्हाताऱ्यानं डोळे मिटले. दिसला तो विनोदवीरच, एकेका सुरकुतीसकट.